पीडी नावाची कालवड

केंटकीतल्या नेल्सन काउंटीत ९ जानेवारी १७९३ रोजी जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्यानं मृत्युपत्र केलं. मजकूर पानभराचाच. थॉमसला तांबूस घोडा, नाव मेजर. जॉशुआला करडी घोडी, बॉनी. विल्यमला करडा घोडा, गिल्बर्ट. चार्ल्सला टोब. जोसेफला बाल्ड आणि राहती १५० एकर जमीन. मग मुलींची पाळी येते. एलिझाबेथला वर्षाची कालवड, जेंटल. पॉलीला लेडी. नॅन्सीला पीडी. बायको नॅनी हिला हयातभर सगळी मिळकत, आणि तिच्या पश्चात ती सर्व मुलांत सारखी वाटून द्यावी.

मी हे मृत्युपत्र कितीतरी वेळा वाचलं आहे, आणि दर वेळी त्या नावांपाशी थांबतो. ‘बाल्ड’चा अर्थ इथे टकला असा घ्यायचा नाही. कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या जनावराला त्या मुलखात बाल्ड म्हणत, म्हणजे हा आपल्याकडचा चांद्या झाला. पीडी म्हणजे अंगावर पांढऱ्या-काळ्या चट्ट्यांची, आपली बांडी. कुंपण नसलेल्या रानात गुरं मोकळी चरत. तिथे ‘एक घोडा’ एवढंच लिहून भांडण मिटलं नसतं. रंग आणि नाव लिहिलं की जनावर ओळखता येतं आणि वारसाचा हक्क पक्का होतो. मात्र कायद्याची ही गरज भागवताना म्हाताऱ्यानं नकळत स्वतःचा गोठाही लिहून ठेवला. जेंटल गरीब स्वभावाची असणार, हे सांगायला आणखी कागद लागत नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका ओसाड रानातली सकाळची धार इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कुठे ऐकू येते.

हा जोसेफ इंग्लंडच्या राजाच्या अमलात, व्हर्जिनियाच्या किनारपट्टीत जन्मलेला. पुढे तो पश्चिमेला डोंगरांकडे सरकला आणि तिथून केंटकीत उतरला. असे हजारो जण होते. याच्याच कागदांवर शंभराहून अधिक वर्षं वाद झाला, त्याचं कारण अब्राहम लिंकनच्या आईचं माहेरचं नाव नॅन्सी हँक्स. १२ जून १८०६ रोजी केंटकीतच थॉमस लिंकनशी तिचं लग्न झालं आणि ५ ऑक्टोबर १८१८ रोजी इंडियानाच्या जंगलात ती वारली. ती कुणाची मुलगी, हे तिच्या हयातीत कुणी लिहून ठेवलं नाही.

कॅरोलाइन हँक्स हिचकॉक या बाईंनी या मृत्युपत्राच्या आधारे १८९९ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. पीडी जिला मिळाली तीच नॅन्सी लिंकनची आई, असं त्यांचं म्हणणं. नाव तेच, मुलूख तोच, वयही बसवता येण्याजोगं. त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, पण मृत्युपत्राचं महत्त्व ओळखण्याचं श्रेय त्यांचंच. त्यांचं चुकलं कुठे, हे पाहताना वंशशोधनाच्या कलेतली पहिली बारीक जागा सापडते.

हँक्स घराण्यात नॅन्सी एकच नव्हती. अ‍ॅनचं लाडकं रूप नॅन, नॅनी, नॅन्सी. जोसेफची बायको अ‍ॅन ली, मृत्युपत्रात ती ‘नॅनी’ आहे. धाकटी मुलगी नॅन्सी. आणि तिच्याच आगेमागे वाढलेली एक भाचीही नॅन्सी. आजीचं नाव नातीला ठेवायची रीत आपल्याला सांगावी लागत नाही. त्या घरात ती इतकी मनापासून पाळली गेली, की कागदावर मावशी-भाची एकमेकींत मिसळून गेल्या. त्या वेगळ्या करायच्या, तर नाव सोडून माणसाचा पुढचा माग काढावा लागतो. पीडी मिळालेल्या नॅन्सीला १७९९ साली डेनिस हा मुलगा झाला. पुढे तिनं लीव्हाय हॉलशी लग्न केलं. म्हणजे तिचं आयुष्य दुसऱ्याच घरात नांदताना दिसतं. एकच बाई एकाच वेळी हॉलच्या चुलीपुढे आणि लिंकनच्या चुलीपुढे असू शकत नाही. इतकी साधी तपासणी, पण तिच्यामुळे सुंदर दिसणारी एक अख्खी वंशावळ खाली येते. शोधकाचा असा संयम पाहिला की मला गवयानं टाळलेल्या वर्ज्य स्वराची आठवण होते.

मग लिंकनची आई असलेली नॅन्सी कुणाची? इथे मृत्युपत्रात नसलेली एक बाई पुढे येते, ल्यूसी हँक्स. ही जोसेफचीच मुलगी आणि लिंकनच्या आईची आई, असं मांडून हिचा माग लावला विल्यम बार्टन या धर्मोपदेशक संशोधकानं. केंटकीतल्या मर्सर काउंटीच्या दप्तरात ती दोनदा दिसते. नोव्हेंबर १७८९ मध्ये तिथल्या पंचांनी तिच्यावर बदफैलीचा आरोप ठेवला. आणि २६ एप्रिल १७९० रोजी तिनं एक चिठ्ठी लिहिली. तिचा आशय असा: मी सज्ञान आहे, आणि हेन्री स्पॅरोनं आज किंवा इतर कुठल्याही दिवशी लग्नाचा परवाना काढायला माझी राजीखुशी आहे.

ही चिठ्ठी मुळात बघावी अशी आहे. स्पेलिंगं कानावर हात ठेवायला लावणारी. शब्द जसा ऐकू येईल तसा उतरवलेला, स्वतःच्या नावातसुद्धा एक अक्षर जास्त. पण वाक्य पाहा. त्यात अजिजी नाही, सबब नाही. सरहद्दीवरच्या बहुतेक बायका सहीच्या जागी फुली मारत त्या काळात ही बाई आपल्या लग्नाची संमती आपणच लिहून देते. अल्पवयीन वधू असेल तर अशी चिठ्ठी बापानं द्यायची. बाप तेव्हा हयात होता, त्याचं मृत्युपत्र व्हायला अजून जवळपास तीन वर्षं होती. तरी या कागदावर त्याचा हात नाही. ‘मी सज्ञान आहे’ या शब्दांमागे ती रिकामी जागा उभी आहे. आणि ‘इतर कुठल्याही दिवशी’ हे शब्द! परवाना निघाला, पण लग्न लागलं ३ एप्रिल १७९१ रोजी, जवळजवळ वर्षानं. असं का, यावर तर्क पुष्कळ झाले. मला एवढंच दिसतं की तिनं दिलेली संमती वर्षभर शिळी झाली नाही. दोन ओळींत माणूस इतका पूर्ण उभा राहिलेला मी फार कमी पाहिला आहे.

तिच्या मुलीनं, म्हणजे नॅन्सीनं, १८१४ साली जमिनीच्या खरेदीखतावर सहीऐवजी फुली मारली. ती आईजवळ वाढली नव्हती.

ती कुणाजवळ वाढली, हे समजून घ्यायला मराठी माणसाला जरा सोपं जातं, कारण आपल्याकडे नात्यांना वेगवेगळे शब्द आहेत. ल्यूसीची बहीण एलिझाबेथ, म्हणजे जेंटल कालवड मिळालेली, हिनं हेन्रीचा भाऊ थॉमस स्पॅरो याच्याशी लग्न केलं. दोघी बहिणी एकमेकींच्या जावा झाल्या. या एलिझाबेथनं नॅन्सीला वाढवलं. ती नॅन्सीची मावशी, आणि सावत्र बापाकडून पाहिलं तर काकूही. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे जुन्या साक्षींत कोण कुणाची कोण, हे सारखं निसटतं. १८६५ नंतर लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने नातेवाइकांना पत्रं पाठवून आठवणी गोळा केल्या, तेव्हा डेनिस हँक्सनं हट्टानं सांगितलं की लिंकनची आई हँक्स नव्हतीच, ती स्पॅरो होती. डेनिस हा तिचा मावसभाऊ, त्याच स्पॅरो घरात वाढलेला. त्याची साक्ष खोटी म्हणून फेकून देता येत नाही आणि खरी म्हणून उचलताही येत नाही. ती बहिणीची अब्रू राखणारी साक्ष आहे, आणि अशी साक्ष वाचताना माणूस काय सांगतो त्याबरोबर कुणाला पाठीशी घालतो तेही पाहावं लागतं. डेनिसच्या जागी आपल्यापैकी कितीजण वेगळं बोलले असते?

हर्नडननं एक आठवण सांगून ठेवली आहे. १८५०च्या सुमारास दोघे एका घोडागाडीतून कोर्टाच्या कामाला निघाले असताना लिंकन बोलून गेला की आपली आई ल्यूसी हँक्सची अनौरस मुलगी होती आणि तिचा बाप व्हर्जिनियातला कुणी चांगल्या घरचा शेतमळेवाला. सांगणारा एकच, ऐकणारा एकच, आणि लिहिलं गेलं ते लिंकनच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. जाणता शोधक म्हणूनच या आठवणीवर सगळा भार टाकत नाही. तो दुसरा एक कागद शेजारी ठेवतो. २० डिसेंबर १८५९ रोजी लिंकननं जेसी फेल यांना आपल्या आयुष्याची माहिती स्वतः लिहून पाठवली. त्यात वडिलांची बाजू ऐसपैस आहे. आजोबाचं नाव आहे, तो व्हर्जिनियातल्या कुठल्या काउंटीतून केव्हा निघाला ते आहे, कसा मारला गेला तेही आहे. आईबद्दल काय आहे? ती हँक्स नावाच्या कुटुंबातली होती, आणि आपल्या दहाव्या वर्षात ती गेली. अमक्याची मुलगी असं नाही, तर ‘कुटुंबातली’. शब्द किती तोलून टाकला आहे! यात खोटं काहीच नाही, आणि जे बोलायचं नाही ते कुठे उघडंही पडत नाही. गाडीतली ती आठवण खरी असेल तर हे वाक्य असंच लिहिलं गेलं असतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तोलाचं होतं. १८०६च्या लग्नाचा ५० पौंडांचा जामीन रिचर्ड बेरी यांनी दिला, आणि त्या कागदावर ‘पालक’ असा शब्द आहे. बेरी घराण्यात शिपली घराण्याची मुलगी दिलेली. त्यावरून लुई वॉरनसारख्या अभ्यासकानं मांडलं की ल्यूसी मुळातली शिपली, हँक्सांची सून, विधवा. असं मानलं की नॅन्सी औरस ठरते आणि बेरींचा जिव्हाळाही उलगडतो. मात्र नॅन्सी तेव्हा बाविशीच्या आसपास होती, तिला कायद्यानं पालकाची गरज नव्हती. एका शब्दाच्या खुंटीवर केवढं घर टांगलेलं! तरी या मांडणीतली माया मला दिसते. एका आईला तिचं नाव मानानं परत मिळावं, एवढीच त्या अभ्यासकांची धडपड होती.

कागद इथे संपले. ल्यूसी शिपली की ल्यूसी हँक्स, ही गाठ पुढे सुटली ती ज्या धाग्यानं, त्याच्याकडे कागदांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांत उतरतो आणि पुढे फक्त मुलींकडूनच चालू राहतो. मुलगा तो घेऊन जन्मतो, पण पुढे देऊ शकत नाही. नॅन्सीचा स्वतःचा धागा तुटलेला होता. तिची मुलगी सारा १८२८ साली बाळंतपणात गेली, मूलही जगलं नाही. अब्राहमकडून तो पुढे जाणं शक्य नव्हतं. म्हणून शोधक मावश्यांकडे वळले. आई, आईच्या बहिणी, त्यांच्या मुली, मुलींच्या मुली, अशा आजपर्यंत अखंड आलेल्या स्त्री-शाखा धुंडाळायच्या. दर पिढीला लग्नात आडनाव बदलणार, म्हणजे दर पिढीला माग नव्यानं लावायचा. पुरुषांची वंशावळ शिडीसारखी चढता येते. इथे दर पायरीला घर बदलतं. हे काम किती चिकाटीचं, ते ज्यानं आपल्या पणजीच्या आईचं माहेर शोधून पाहिलं आहे त्यालाच कळेल.

२०१५ साली या अभ्यासाचा निष्कर्ष आला. हँक्स बहिणींच्या शाखा अ‍ॅन ली हिच्यापाशी एकत्र येत होत्या, आणि त्यांच्यात एक्स१सी हा अत्यंत दुर्मीळ गट सापडला. शिपलींच्या शाखा जुळल्या नाहीत. गट दुर्मीळ होता हे शोधकांचं भाग्य. तो सर्रास आढळणारा असता तर जुळण्याला फारसा अर्थ उरला नसता. या अभ्यासाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची मर्यादा. त्यानं आईची बाजू सांगितली आणि तिथेच हात थांबवला. व्हर्जिनियातल्या त्या शेतमळेवाल्याबद्दल हा डीएनए काहीच सांगू शकत नाही, आणि शोधकांनीही तो तसा ओढला नाही.

मृत्युपत्रातल्या तीन कालवडींपैकी पीडी कुठे गेली ते वर आलं. जेंटलच्या मालकिणीची गोष्ट राहिली. एलिझाबेथ आणि थॉमस स्पॅरो लिंकनांच्या मागोमाग इंडियानात आले आणि १८१८च्या शरद ऋतूत दुधाच्या रोगानं गेले. गाई जंगलातली एक विषारी वनस्पती खात, विष दुधात उतरे. त्यांच्यापाठोपाठ थोड्याच दिवसांत नॅन्सीही त्याच रोगानं गेली. वाढवणारी मावशी आणि वाढलेली भाची एकाच टेकडीवर पुरल्या गेल्या.

हे सगळं माहीत झाल्यावर मी पुन्हा जोसेफच्या मृत्युपत्राकडे जातो. आठ मुलांची नावं, पाच घोडी-घोडे, तीन कालवडी. ल्यूसीच्या वाट्याला जनावर नाही. ती दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन गेलेली, तिचं काय ते आधीच देऊन झालं असेल, किंवा काहीच दिलं नसेल. पूर्वी मी इथे बापाचा राग वाचत असे. आता नजर शेवटच्या कलमावर टिकते. नॅनीच्या पश्चात मिळकत सारखी वाटायची आहे, आणि ती ‘वरील मुलांत’ वाटावी असं म्हाताऱ्यानं लिहिलेलं नाही. ‘माझ्या सर्व मुलांत’ असं लिहिलं आहे.