यमुनेचे पर्यटन आणि तिची दृष्टी

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचा उल्लेख आपल्या मंडळ्यांमध्ये बहुधा अभिमानाने होतो. मराठीतील पहिली कादंबरी ख्रिस्ती लेखकाची, हे सांगितले की विषय संपतो. मंडळीबाहेर तिला प्रचाराचे पुस्तक म्हणून बाजूस सारणारेही आहेत. या दोहोंत यमुना मात्र दुर्लक्षित राहते. ती नव्या माणसांकडे आणि अपरिचित स्थळांकडे कशी पाहते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना पती विनायकरावासह प्रवास करते. ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ती ऐकते. स्थळवर्णनात लेखकाला फारसा रस नाही. गाव बदलते ते नवी कहाणी यावी म्हणून. बनियनच्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले मराठी रूपांतर, ‘यात्रिकक्रमण’, १८४१ साली निघाले होते. त्यात वाटेवर भेटणाऱ्याच्या नावातच त्याचा गुण किंवा दुर्गुण सांगितलेला असतो. यमुनेला भेटणाऱ्या स्त्रियांना तशी नावे नाहीत. तरी त्यांची ओळख एकाच खुणेवरून पटते. विधवा दिसली की दुःख दिसले.

या दृष्टीचे मोल कमी लेखू नये. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, म्हणजे केवळ एक वर्ष आधीचा. घरच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या स्त्रीजवळ थांबून तिला विचारावे, हेच तेव्हाच्या वाचकाला नवे होते. पण ज्याला प्रत्येक ठिकाणी तेच दिसते, त्याला काही दिसायचे राहून जाते.

हे न्यून काकतीत बसून वाचताना फार जाणवते. लेखकाचा जन्म बेळगावचा, १८३१ चा. आणि बेळगावहून निपाणीकडे निघाले की लवकरच काकती लागते. कित्तूरची राणी चन्नम्मा हिचे हे जन्मगाव. तीही विधवा. १८२४ साली तिने कंपनी सरकारशी युद्ध केले, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात पडला. १८२९ साली बैलहोंगल येथे कैदेत ती मरण पावली. पदमनजींच्या जन्माच्या अवघी दोन वर्षे आधी! राणीची आणि यमुनेला भेटणाऱ्या स्त्रियांची तुलना सरळ करता येणार नाही, हे खरे. केशवपनाची रूढी ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत होती. राणी लिंगायत, शिवाय संस्थानिकाच्या घरची. तरीही अशी एखादी विधवा यमुनेच्या वाटेवर आली असती, तर तिला पाहण्याची सोय त्या दृष्टीत होती काय? मला नाही वाटत.

कादंबरीतील खरा अपरिचित प्रदेश मात्र पर्यटन थांबल्यावर येतो. विनायकराव मरतो आणि यमुना ज्यांच्याविषयी हळहळत होती त्यांच्यातली एक होते. तेच घर, तीच माणसे. पण आता न्हाव्याला बोलावण्याची भाषा तिच्याबद्दल होऊ लागते. ओळखीची माणसे एका दिवसात अनोळखी झाली आहेत. आजवर ती कहाणी ऐकणारी होती. आता आपण कशा दिसतो, हे तिला इतरांच्या डोळ्यांत वाचावे लागते. पुस्तकातील हा भाग मला सर्वांत सच्चा वाटतो. तेथे उपदेशकाला क्षणभर कथाकारापुढे नमते घ्यावे लागले आहे.

पुढे लेखक घाई करतो. यमुना ख्रिस्ती होते, एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा विवाह होतो आणि ग्रंथ आटोपतो. पदमनजींचा स्वतःचा बाप्तिस्मा १८५४ चा. घरदार दुरावल्यानंतर नव्या मंडळीत पहिली पावले टाकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच ही घाई खटकते. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीजवळ प्रभूने प्रथम पाणी मागितले. परक्या गावात तो आधी गरजवंत म्हणून बसला. यमुनाही अखेरीस तशीच गरजवंत होऊन एका परक्या समाजात येते. तेथील उपासना तिला कशी वाटली, पंक्तीत शेजारी कोणत्या जातीतून आलेली बाई बसली होती, मंडळीतल्या स्त्रिया तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होत्या, याविषयी लेखक जवळजवळ गप्प आहे. हिंदू घरांत इतके बारकाईने डोकावणारी यमुना आपल्या उंबरठ्याच्या आत आली, आणि तिने काय पाहिले ते आपल्याला कळलेच नाही.