लीळा, सूत्र आणि आठवणीची मांडणी

महाराष्ट्रातच राहावे, कानडी-तेलुगू मुलखात जाऊ नये, या आशयाचे श्रीचक्रधरांचे वचन मी एका जुन्या लेखात मराठीच्या अभिमानाचा पुरावा म्हणून दिले होते. अकोल्यात व्याख्यानांतूनही ते वापरले आणि टाळ्या मिळवल्या. ती चूक इथे दुरुस्त करतो.

हे वचन केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘सूत्रपाठा’त येते ते ‘आचार’ प्रकरणात. त्यामागचे कारण भाषिक नाही. ते देश विषयबहुल आहेत, म्हणून विरक्ताने तिकडे जाऊ नये, अशी ती साधकाला दिलेली शिस्त आहे. कारण गळले आणि शिस्तीची घोषणा झाली.

असे का होते, हे महानुभावांच्या ग्रंथांच्या मांडणीवरून कळते. म्हाइंभटांनी सर्वज्ञांच्या आठवणी रिद्धपूरच्या परिसरात शिष्यांना विचारून गोळा केल्या. ‘लीळाचरित्रा’त त्या एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा जीवनक्रमाने लागल्या आहेत. गाव कोणते, सोबत कोण, कोणी काय विचारले, हे सारे तिथे आहे. केसोबासांनी त्यातील वचने काढून विषयवार लावली. ‘दृष्टांतपाठा’त त्याच धाटणीने सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक यांची साखळी आहे.

एंडेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसंगांची स्मृती आणि अर्थाची स्मृती असा भेद मांडला. पहिलीत ‘केव्हा, कुठे’ असते. दुसरीत नुसते ‘काय’ उरते. शाळेत अमरावती कुठे आहे हे शिकलो, पण कोणत्या दिवशी, ते आठवत नाही. असे विसरणे ही मनाची काटकसरच. विषयवार लावलेले ज्ञान लवकर सापडते आणि नव्या प्रसंगाला लावता येते. म्हणून केसोबासांना दोष देणे अन्याय होईल. त्यांनी आचार-विचारांचे कप्पे तरी केले. आम्ही अभ्यासकांनी वचन कप्प्यातूनही बाहेर काढले.

पंथाला हा धोका ठाऊक असावा. सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ त्याच परंपरेत आहे आणि स्थळांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ही. रिद्धपूरला ओट्यांपाशी थांबत गेलो, की स्थळ ही आठवणीची खुंटी कशी होते ते पायांना कळते. शिवाय लीळाचरित्रात एकाच प्रसंगाच्या भिन्न आठवणी काही ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावानिशी राहिल्या आहेत. आठवण म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने केलेली जुळवणी, हे बार्टलेटने १९३२ मध्ये दाखवले. म्हाइंभटांनी ती जुळवणी झाकली नाही, हे त्यांचे मोठेपण.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथल्या विद्यार्थ्याच्या हाती सूत्र द्यावे, पण लीळेसकट. नाहीतर माझ्यासारखेच आणखी वक्ते तयार होतील आणि टाळ्याही तशाच मिळतील.