आज काय नाही? : रत्नागिरीच्या एका खानावळीबद्दल

रत्नागिरीत जेवायला जागा शोधत फिरलात तर एक पाटी हमखास दिसेल : ‘अस्सल मालवणी जेवण’. मालवण इथून बरंच दक्षिणेला आहे. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तर ते रत्नागिरी जिल्ह्यातही नाही. तरी रत्नागिरीकराला स्वतःच्या गावातलं जेवण विकायला मालवणचं नाव लागतं. कारण साधं आहे. पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला ‘मालवणी’ हा शब्द माहीत असतो, तोच तो मॅपवर टाइप करतो.

म्हणजे ही पाटी जेवणाबद्दल काही सांगतच नाही. ती गिऱ्हाईक कोण आहे ते सांगते.

त्या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं, ते बघा. मिरकरवाड्यातल्या दालदी घरातलं कालवण, खारव्यांचं कालवण, भंडाऱ्यांच्या घरातलं, सारस्वतांकडचं, हे सगळं एकाच किनाऱ्यावरचं जेवण. पण वाटण प्रत्येकाचं वेगळं. कुठे ओलं खोबरं, कुठे भाजलेलं, कुठे खोबरं जवळजवळ नाहीच. आंबटाला कुणी आमसूल घालतं, कुणी चिंच, आणि उन्हाळ्यात कैरी. हॉटेलच्या थाळीत मात्र या सगळ्याची मिळून एकच लाल ग्रेव्ही होते आणि तिच्यात सुरमई, कोळंबी, चिकन आळीपाळीने सोडलं जातं. चव वाईट नसते. पण ती कुठलीच नसते.

याच्या उलट टोकाला खानावळ आहे. माझं ऑफिस लॅपटॉपमध्ये असल्यामुळे वर्षातले बरेच महिने मी रत्नागिरीतून काम करतो, आणि दुपारी बंदराच्या बाजूच्या एका खानावळीत जेवतो. तिचं नाव सांगत नाही. का, ते पुढे येईल. चार टेबलं, एक फळा, खडू. फळ्यावर रोज चार-पाच ओळी : बांगडा, मांदेली, कोळंबी, कधी सौंदाळे. त्या दिवशी जे परवडलं ते. दुपारी एकपासून मालकीणबाई ओल्या फडक्याने एकेक ओळ पुसायला लागतात. दोनच्या पुढे गेलात तर अंडाकरी, तीही नशिबात असली तर.

जेवण कसं आहे? बांगड्याचं तिखलं उत्तम. अंगाबरोबर रस, तिरफळाचा वास, आणि आमसूल एवढंच की तिखट जिभेवरून उतरताना जाणवावं. मासा ताजा असला की त्याला मसाल्याने झाकावं लागत नाही, हे इथे कळतं. सोलकढी भडक गुलाबी नाही, फिकट आहे. लसूण माझ्या मते एक पाकळी जास्त. भात गचका होतो. मांदेली गर्दीच्या वेळी तेल पितात, कारण कढई एकच आणि माणसं वीस. तांदळाची भाकरी पहिल्या पंगतीला गरम मिळते, नंतरच्यांना चपातीवर भागवावं लागतं. पाच तारे द्यायचे तर मी साडेतीन देईन. आणि तरी रोज तिथेच जाईन. या दोन वाक्यांमधलं अंतर रेटिंगमध्ये मावत नाही.

छोट्या मेनूची ही गोष्ट फक्त कोकणातली नाही. मे २०२४मध्ये मिशलिनची मेक्सिकोसाठीची पहिली यादी आली, आणि मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ नावाच्या टाकेरियाला एक तारा मिळाला. टाकेरिया म्हणजे टाको विकणारं दुकान. हे १९६८पासून चालू आहे. आकार आपल्या चहाच्या टपरीहून जरा मोठा, मेनूवर चार प्रकारचे टाको. मक्याची पोळी, तव्यावरचं मांस, मीठ, लिंबू. जगभरच्या बातम्यांना त्याचा लहानपणा नवलाचा वाटला. मला त्यात खानावळीचा फळा दिसतो : आम्हाला एवढंच येतं, आणि ते रोज करतो.

पण मेक्सिको आणखी एक गोष्ट शिकवतं. तिथला सगळ्यात लाडका टाको ‘अल पास्तोर’. उभ्या सळईवर फिरणारं मांस कापून देतात तो. ती सळई मेक्सिकोची नाही. लेबनॉनहून तिथे जाऊन वसलेल्या लोकांनी आपला शावर्मा नेला, पुढे मेंढ्याच्या जागी डुक्कर आलं, मक्याची पोळी आली, वर अननस आला. आज त्याला परका म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

आपलंही तसंच. ज्या मिरचीशिवाय आपल्याला मासा खाता येत नाही, ती मुळात मेक्सिकोकडची. पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली. काजू ब्राझीलचा, त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. म्हणजे ‘आमच्या पूर्वजांची हजार वर्षांची रेसिपी’ हा दावा लाल तिखलं स्वतःच खोडून काढतं. अस्सलपणा जुनेपणात मोजायचा असेल तर आपली अर्धी थाळी बाद होईल.

मग मोजायचा कशात? माझं उत्तर असं : जो उद्याही येणार आहे, त्याच्यासाठी रांधलेलं ते अस्सल.

खानावळ ही संस्थाच या माणसासाठी जन्मली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रत्नागिरीतून हजारोंनी पुरुष गेले. घरच्या बायका गावाला, गाळ्यात दहा-पंधराजण, आणि जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशोबाने. त्या खानावळी बऱ्याचदा बायकाच चालवायच्या, घरातल्या चुलीवर, सावकाराच्या व्याजाखाली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना संघटित करून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पुढे १९८२चा संप झाला. गिरणी थांबली की खानावळही थांबते, कारण महिनाअखेरीला पैसे देणारा हात रिकामा असतो. तिथल्या जेवणाला कुणी ‘अस्सल’ म्हणत नव्हतं. गरजच नव्हती. मीठ जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं तोंडावर सांगायची. समीक्षा रोज होत होती.

बंदराजवळच्या खानावळीत हा जुना करार अजून शिल्लक आहे. तिथे एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवतात, कोर्टातले कारकून, बोटीवरचे खलाशी, कॉलेजची मुलं. त्यांना सुरमई रोज नको असते, परवडतही नाही. त्यांना बांगडा हवा, आणि तो बरा हवा.

या कराराची परीक्षा पावसाळ्यात होते. जून आणि जुलैचे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मासे अंडी घालतात, समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत खानावळीच्या फळ्यावर सुकट, सोड्याची आमटी, कुळथाची पिठी दिसते. त्याच आठवड्यात ‘अस्सल मालवणी’ हॉटेलात सुरमई थाळी चालू असते. हा मासा शीतगृहातला असतो किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून बर्फात आलेला. बेकायदेशीर काही नाही. फक्त समुद्राशी असलेलं नातं तुटलेलं असतं. माझ्या भाषेत सांगायचं तर हॉटेलचा मेनू कॅशेमधून येतो, खानावळीचा लाइव्ह.

आता नावाबद्दल. अशा जागेचा एक रील चालला की काय होतं, ते किनाऱ्यावर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शनिवारी बाहेर गाड्या लागतात. आलेल्याला सुरमई आणि पापलेट हवं असतं, आणि दोन वाजता ‘संपलं’ ऐकायची सवय नसते. एक तारा देऊन तो परत जातो. मग फ्रीजर येतो, फळ्याच्या जागी छापील मेनू येतो, थाळीचा दर वाढतो. स्वयंपाकघरात बाई तीच, वाटण तेच, कदाचित मांदेलीसुद्धा आता तेल पीत नाहीत. पण ड्रायव्हर दिसेनासा होतो. तो वडापाव खाऊन गाडीवर चढतो.

इथे सोपा खलनायक नाही. मालकीणबाईंनी वाढता धंदा नाकारावा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? दिवसाला वीस बांगड्यांवर घर चालवणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. पहाटे लिलावाला जाणं, साफ करणं, वाटण, भांडी, सगळं दोन बायकांवर. त्यांना पैसा मिळायलाच हवा. तक्रार आपल्या भाषेबद्दल आहे. चवीबद्दल बोलताना आपण ती चव रोज तपासणाऱ्या माणसाला हिशोबातच धरत नाही. मग तो उठून गेला तरी आपल्याला पदार्थ ‘अगदी पूर्वीसारखाच’ लागतो.

म्हणून अशा जागी गेलात तर ‘स्पेशल काय?’ विचारू नका. ‘आज काय नाही?’ विचारा. उत्तर आलं, तर समुद्र आणि फळा यांचं अजून बोलणं चालू आहे असं समजा. ‘सगळं आहे’ म्हणाले, तर जेवा खुशाल, जेवण चांगलंही असेल. आणि पहिल्या पंगतीत बसला असाल तर जेवण झाल्यावर गप्पा मारत टेबल अडवू नका. मागे उभा असलेल्याची दीडची गाडी असते.