शास्त्रातील मुक्या स्त्रिया

फिलिस ट्रिबल या बायबल-अभ्यासिकेचा ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. हागार, तामार, इफ्ताहाची कन्या आणि शास्ते ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील निनावी उपपत्नी या चौघींच्या कथांचे त्यात शब्दन् शब्द तपासून विवेचन केले आहे. तामार विनवण्या करते. पण अत्याचारानंतर भाऊ अबशालोम तिला गप्प बसवतो आणि पिता दावीद संतापूनही काही करीत नाही. निनावी स्त्रीच्या तोंडी तर एकही शब्द नाही. तिला जमावाच्या हाती सोपवले, ते घरातल्यांनीच! या दोघींच्या कथा मिस्साच्या वाचनक्रमात येत नाहीत. म्हणूनच हा ग्रंथ आपणांस मोलाचा वाटावा.

एका ठिकाणी मात्र थबकावे लागते. यशयातील दुःखसोशिक सेवकाची व ख्रिस्ताच्या दुःखसहनाची भाषा लेखिकेने या स्त्रियांसाठी योजिली आहे. त्यामागील कळवळा खरा आहे. तथापि ख्रिस्ताने क्रूस स्वेच्छेने स्वीकारला. तामारला वा त्या उपपत्नीला कोणी विचारलेही नव्हते. हा भेद विसरला, की मार खाणाऱ्या पत्नीला ‘तुझा क्रूस आहे, सोस’ असे सांगणे सोपे जाते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. हिंसेपासून दुर्बल जोडीदाराचे व मुलांचे रक्षण करण्यासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये म्हटले आहे.

दावीदासारखे नुसते संतापून भागत नाही. शेजारच्या घरातून रडणे ऐकू आले, तर ते दार ठोठावणे हेही आपले भक्तिकार्यच होय.