हरावं तर रॅथबोनसारखं!

‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ हा १९३८ सालचा चित्रपट पहिल्यांदा पाहून घरी आलो आणि वडिलांची छत्री उपसली. दोन काड्या मोडल्या. तेव्हा एरल फ्लिन हा माझ्या लेखी जगातला सर्वांत शूर माणूस. खांद्यावर मेलेलं हरीण टाकून तो शत्रूच्या भरल्या पंगतीत शिरतो आणि ते प्रिन्स जॉनच्या पुढ्यात आदळतो. आपण लग्नात आहेराचं पाकीट देतानासुद्धा याहून जास्त बिचकतो!

पुढे मला सिनेमाबद्दल वाचायची वाईट खोड लागली. त्यातून कळलं की रॉबिनच्या बाणांमागे हॉवर्ड हिल नावाच्या तिरंदाजाचा हात होता. बरं, तलवार तरी? जिन्यावरचं, भिंतीवर भल्यामोठ्या सावल्या नाचवणारं ते शेवटचं द्वंद्व आठवा. त्यातला खरा तलवारबाज होता खलनायक झालेला बॅसिल रॅथबोन! पहिल्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला, तलवार रीतसर शिकलेला हा गृहस्थ. पण मरायचं त्यानंच. १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्येही तो फ्लिनच्याच हातून मेला होता. १९३६ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये त्याने मर्क्युशिओला मारलं खरं, पण लगेच रोमिओने हिशेब चुकता केला. ज्याला येतं त्याने हरायचं आणि ज्याला हसता येतं त्याने जिंकायचं, हे कचेरीत जन्म काढलेल्याला नवीन नाही म्हणा!

राहता राहिली बंडखोरी. तीही मेरियन झालेल्या ऑलिव्हिया डी हॅविलंडच्या नावावर निघाली. पडद्यावर तिला सोडवायला रॉबिन यावा लागतो. पडद्याबाहेर मात्र या बाईने १९४३ साली वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं. नाकारलेल्या भूमिकांचे दिवस कंपनी तिच्या सात वर्षांच्या करारात वाढवून धरत होती. कोर्टाने १९४४ साली सांगितलं, सात वर्षं म्हणजे पंचांगातली सात वर्षं! पुढे तिने दोन ऑस्कर मिळवले आणि २०२० साली, १०४ वर्षांची होऊन ती गेली. फ्लिन १९५९ सालीच, पन्नाशीत संपला होता.

मग फ्लिनचं स्वतःचं असं काय? याचा रीतसर पंचनामा करायचा म्हणून परवा चित्रपट पुन्हा लावला. कोर्नगोल्डचं ऑस्कर मिळवलेलं संगीत सुरू झालं. टेक्निकलरमधलं हिरवंगार रान दिसलं. ते इंग्लंडातलं शेरवुड नसून कॅलिफोर्नियातलं चिको, हेही मला ठाऊक होतं. तेवढ्यात फ्लिन कमरेवर हात ठेवून हसला आणि पंचनामा बारगळला. बाण उसने आणता येतात, तलवार शिकवता येते. जगाला भिण्यासारखं काही नाहीच, असं ते हसू मात्र कुणाकडून उसनं मिळत नाही. अर्थात ते खरं वाटतं ते रॅथबोनमुळे. तो इतका जीव ओतून लढतो, की त्याला हरवणारा आपोआप मोठा होतो. टाळ्या एकाला पडल्या, तरी कमाई दोघांची आहे.

चित्रपट संपल्यावर नातवाने छत्री उपसली. मी निमूटपणे काठी घेऊन खलनायक झालो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मेलो. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही फार छान मरता!”

इतकी वर्षं चित्रपट पाहिल्याचं सार्थक झालं.