‘अस्सल’ जुनं गाणं आणि ७८ फेऱ्यांचा प्रश्न

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका घरी गेले होते. तिथे पाच-सहा जण जमतात, जुन्या तबकड्या ऐकतात, पोहे-चहा होतो, वाद होतात. घर ज्यांचं ते काका बँकेतून निवृत्त झालेले. पेटी बरी वाजवतात आणि नाट्यसंगीत म्हटलं की त्यांच्यासमोर बोलायची सोय नसते. त्यांनी एक जुनं नाट्यपद लावलं. मी सवयीने मोबाइलवरचं सूर मोजायचं अ‍ॅप चालू केलं. षड्ज पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी लटकत होता. पेटीच्या साथीवर गायलेलं गाणं, आणि षड्ज मात्र कुठल्याच पट्टीवर नाही! मी म्हटलं, “काका, ही प्लेट चुकीच्या वेगाने फिरतेय बहुतेक.”

खोलीत शांतता. मग काका म्हणाले, “अगं, पन्नास वर्षं ऐकतोय मी ही.” शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “अस्सल गाणं आहे हे. त्याला मशीन कशाला लावतेस?”

आजची पोस्ट या ‘अस्सल’ शब्दाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय आणि मेलमध्ये एकच प्रश्न हमखास येतो: आवडीच्या गोष्टीवर संशोधन करावं का? माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. एमएस्सी फिजिक्स करून मी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणावर पीएचडी करतेय ती आवडीपोटीच, आणि या आवडीनेच मला दोन वेळा तोंडघशी पाडलंय. त्यातला पहिला प्रसंग सिनॉप्सिसचा. मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं की, ‘या तबकड्यांत नाट्यसंगीताची परंपरा जतन झाली आहे.’ गाइडनी ‘जतन’ शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं: कशावरून?

त्या ‘कशावरून’चं उत्तर शोधताना मी भलत्याच ठिकाणी पोचले, अमेरिकेत. तिकडे ब्लूग्रास नावाचा संगीतप्रकार आहे. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, बास आणि उंच पट्टीतलं गाणं. त्याचे चाहते आपल्या रविवारच्या मंडळींसारखेच. ड्रम आले की नाक मुरडणार, विजेवरचा बास आला की उठून जाणार. त्यांच्या लेखी हे डोंगरातलं, आजी-आजोबांचं, पारंपरिक गाणं. आता तारखा बघा. मँडोलिनवादक बिल मन्रो याचा जन्म १९११ चा, म्हणजे ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आलं त्याच वर्षीचा. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायची शैली घेऊन आला १९४५ च्या अखेरीस. आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणून ओळखतो तो आवाज तिथून सुरू होतो. त्या प्रकाराला हे नाव पडलं ते आणखी काही वर्षांनी, पन्नासच्या दशकात. म्हणजे ही ‘परंपरा’ रेडिओपेक्षा लहान आहे! गंमत अशी की १९४५ च्या सुरुवातीच्या मन्रोच्या ध्वनिमुद्रणांत चक्क अ‍ॅकॉर्डियन आहे. संस्थापकाच्याच बँडमधलं वाद्य, पण परंपरेच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही.

आपल्याकडे उलटं झालं. अ‍ॅकॉर्डियनची चुलत बहीण, म्हणजे पेटी, आत आली आणि घरचीच झाली. मूळ वाद्य युरोपातलं. हाताने भाता मारायची पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात घडली. आकाशवाणीने तिला १९४० पासून सुमारे तीन दशकं दाराबाहेर ठेवलं, कारण शास्त्रीय संगीतासाठी ती ‘परकी’. पण पेटीशिवाय नाट्यपद ही कल्पना आज कुणाला करवेल? आपले रविवारचे गृहस्थ तर तिला अस्सलपणाचाच पुरावा मानतात.

नाट्यसंगीताच्या तारखाही पाहून घेऊ. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. त्यात साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीचे वळसे, कानडी मुलखातल्या चाली, असं सगळं होतं. तीस वर्षांनी, १९११ मध्ये, ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या पूरबच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणाच्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले ख्यालाच्या बंदिशी घेऊन आले. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने गाणी एकदम कमी करून टाकली. म्हणजे अर्ध्या शतकात किमान चार वेळा पाया बदलला. यातली नेमकी कुठली अवस्था ‘अस्सल’? हा प्रश्न मी काकांना विचारला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “बालगंधर्वांची.”

इथे नाशिककरांनी जरा कान टवकारावेत. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आलं. नाटककार वसंत कानेटकर, आपल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयातले इंग्रजीचे प्राध्यापक. १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ आलं, ते कुसुमाग्रजांचं, ज्यांचं स्मारक आज याच गंगापूर रोडवर आहे. दोन्हीचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पदं आटोपशीर, चाली नव्या घडणीच्या, तासभर ‘वन्स मोअर’ घेत बसायची सोयच नाही. नाट्यसंगीताच्या या दुसऱ्या डावातले दोन महत्त्वाचे लेखक एकाच गावात राहत होते, आणि आपण नाशिकची ओळख द्राक्षं आणि कुंभमेळ्यावर भागवतो. असो. काका सांगत होते, त्यांच्या वडिलांना अभिषेकी ‘चालत’ नसत. ‘भावगीत गातात नाटकात’ म्हणायचे. काकांना स्वतःला अभिषेकी प्राणप्रिय. आणि २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटातली नवी गाणी त्यांना ‘चालत’ नाहीत. त्यांची नात मात्र तीच गाणी ‘आपलं ट्रॅडिशनल’ म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाते.

इथपर्यंत आलं की संशोधक खूश होतो. १९८३ मध्ये हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेलं, परंपरा ‘रचल्या’ जातात असं सांगणारं प्रसिद्ध पुस्तक आहेच हाताशी. ते उघडायचं, चाहत्यांच्या अस्सलपणाला तारखांची टाचणी लावायची, फुगा फुटला की प्रकरण संपलं. असे पेपर मी ढिगाने वाचलेत, एक लिहिलासुद्धा. आता तो वाचवत नाही. गोष्ट कधी सुरू झाली ते सांगितलं म्हणजे ती का आवडते ते सांगितलं असं होत नाही. शिवाय ज्या तबकड्यांवरून आपण टाचणी लावतो त्या चाहत्यांनीच सांभाळलेल्या असतात. कंपन्यांनी पुठ्ठे फेकले, घरांनी भंगारात घातल्या; कुणीतरी वेड्या माणसाने जुन्या बाजारात उकिडवं बसून त्या निवडल्या. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या मंडळींनी या क्षेत्रात जे काम केलंय त्याच्याशिवाय माझा डेटाच नसता.

मग चाहत्यांवर टीका करायचीच नाही का? करायची, पण योग्य जागी. माझ्या मते ‘अस्सल’ शब्दाचं खरं पाप तारखा चुकवणं हे नाही. तो शब्द माणसं गाळतो. ‘मानापमान’च्या चालींचं श्रेय आपण टेंब्यांना देतो, ते योग्यच आहे. पण पूरबची ठुमरी, दादरा, कजरी हे सगळं मुख्यतः कुणाच्या गळ्यात जगत होतं? बाईजींच्या. भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात ज्यांना सर्वात आधी ध्वनिमुद्रित केलं त्यांत गौहरजान होती, आणि गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापून यायच्या. तिथल्या कारागिराला लेबल लावताना कळावं म्हणून ही सोय. तिचं नाव अशा तांत्रिक कारणाने तरी खोबणीत कायमचं कोरलं गेलं. इतर कितीजणींची चाल राहिली, नाव गेलं. अमेरिकेतही असंच. बँजो मूळचं पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वाद्य. मन्रोवर आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा प्रभाव होता. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रण झाल्यावर प्रसिद्ध झालेल्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढे गाणी गोळा करत गावोगाव फिरले ते लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाला बरोबर घेऊन. कंपन्यांनी मात्र गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्डच्या याद्या वेगळ्या ठेवल्या, आणि चाहत्यांनी त्या याद्यांनाच इतिहास समजलं. यादी कुणी केली आणि कशासाठी, हा प्रश्न चाहता विचारत नाही. आपण विचारायलाच हवा.

आता तबकडीकडे वळते, कारण तिथे दुसऱ्यांदा तोंडघशी पडले.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावतात. रंगमंचावर जे पद रात्री बारानंतर वन्स मोअर घेत घेत फुलायचं, ते या तीन मिनिटांत बसवलं जायचं. १९२५ पर्यंत मायक्रोफोनही नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा. खालचे आणि वरचे स्वर कापले जायचे, तंबोरा जवळपास नाहीसा व्हायचा, आणि खणखणीत, टोकदार आवाजाचं निभावून जायचं. त्यामुळे ‘तेव्हाचे आवाजच तसे होते’ हे वाक्य ऐकलं की थांबा. तेव्हा टिकलेले आवाज तसे होते. यालाच तुमच्या संशोधन पद्धतीच्या पेपरात निवडीचा पूर्वग्रह म्हणतात, आणि त्यावर हमखास प्रश्न येतो.

दुसरी अडचण वेगाची. ७८ फेऱ्या हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सत्तरच्या अलीकडून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत कुठेही असायचा. वेग सुमारे सहा टक्के वाढला की गाणं एक पट्टी चढतं, तानही तेवढीच जलद होते आणि आवाज पातळ, कोवळा वाटू लागतो. ‘काय कोवळा गळा!’ यातला किती गळा आणि किती यंत्र, हे न मोजता सांगता येत नाही.

आणि मोजूनही पटकन सांगता येत नाही. काकांच्या तबकडीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये. मूळ गाणं पांढरी चारमध्ये असेल तर तबकडी मुळात ७६ च्या आसपास कोरली गेली आणि आपण ती जास्त वेगाने वाजवतोय. काळी तीनमध्ये असेल तर मूळ वेग ८० च्या आसपास आणि आपण ती हळू वाजवतोय. माझ्याकडे समीकरण एक आणि अज्ञातं दोन. मी मनातल्या मनात गायकाच्या इतर तबकड्या, कंपनीचे मॅट्रिक्स क्रमांक, असलं काय काय जुळवायला लागले. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “पेटीवाल्याचा हात ऐक. मध्यमावरून गंधारावर बोट घसरवतोय तो. सुटं बोट नाही ते.”

मला कळायला जरा वेळ लागला. पेटीवर एकाच बोटाने घसरायचं तर काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढरीवर उतरता येतं. पांढरीवरून काळीवर तसं चढता येत नाही, कारण काळी उंच असते. षड्ज पांढरी चार धरला तर शुद्ध मध्यम काळीवर येतो आणि शुद्ध गंधार त्याच्या खालच्या पांढरीवर. बोट अलगद घसरतं. षड्ज काळी तीन धरला तर मध्यम पांढरीवर आणि गंधार काळीवर, म्हणजे घसरायला वाटच नाही. काकांनी पेटी ओढून दोन्ही वाजवून दाखवलं. अर्थात त्या वादकाने दोन बोटं सफाईने वापरली असतील, किंवा पेटीच वेगळी लावलेली असेल. पुरावा पक्का नाही, मान्य. पण माझं दुसरं समीकरण अ‍ॅपमध्ये कुठेच नव्हतं, ते पन्नास वर्षांच्या ऐकण्यात होतं. आणि ज्या माणसाला मी मनात ‘भावनिक चाहता’ या रकान्यात टाकलं होतं, त्याने स्वतःच्याच आवडत्या तबकडीविरुद्ध साक्ष दिली होती.

त्यांच्या टर्नटेबलला वेग कमी-जास्त करायची सोय आहे. आम्ही ती ७६ वर आणली. षड्ज पांढरी चारवर येऊन बसला. आवाज जरासाच खाली आला, पण गायक एकदम वयाने मोठा वाटू लागला, तानेतले दाणे सुटे दिसू लागले. पद संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण हा माझा गायक नाही गं.” आणि त्यांनी वेग परत ७८ वर नेला.

निघताना मी विचारलं, “काका, लहानपणी तुम्ही ही कशावर ऐकायचात?” चावीचा ग्रामोफोन होता म्हणे घरी. त्याला वेगाचा काटा असतो, तो वडील कानाने लावायचे आणि चावी उतरत आली की गाणं हळूहळू खाली यायचं. मग काटा साधारण कुठे असायचा? ते त्यांना आठवेना. मी वहीत तबकडीचा क्रमांक लिहिला, त्यापुढे ७६, ७८ आणि एक प्रश्नचिन्ह.