पूर्वपक्ष हरवलेला अग्रलेख

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे शीर्षक 'केसरी'चा अंक कधी हातात न धरलेल्यांनाही पाठ असते. लेख मात्र बहुतेकांनी वाचलेला नसतो. 6 जुलै 1897 च्या त्या शीर्षकात अशी काय करामत आहे की सव्वाशे वर्षे ते जिभेवर राहावे? पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर सरकारने साऱ्या पुण्याला धारेवर धरले होते. त्यावर जुलूम, अन्याय, दडपशाही असे कितीतरी भारदस्त शब्द टिळकांना वापरता आले असते. त्यांनी घरात बिथरलेल्या माणसाविषयी बोलायचे वाक्य उचलले आणि साम्राज्याला लावले. तेही विधान म्हणून नाही, प्रश्न म्हणून. विधान नाकारता येते. प्रश्नाला वाचक मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळा होतो, आणि ते उत्तर त्याला स्वतःचे वाटते. पटवणाऱ्या गद्यातली ही फार जुनी युक्ती. इतक्या कमी शब्दांत ती क्वचितच साधते.

पण मराठी अग्रलेखाचा सगळा वारसा जणू या एका शीर्षकात आहे अशी आपली समजूत झाली, आणि नुकसान तिथून सुरू झाले. आज वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत वैचारिक म्हणून जे छापले जाते त्यात शीर्षके टोकदार असतात, शब्द चमचमीत असतात, वाक्ये सुटसुटीत असतात. पटवले मात्र कोणालाच जात नाही. आधीच पटलेल्यांना आणखी एकदा पटते, एवढेच.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. खरे काय ते काढण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडायचा ती वितंडा. तिन्ही प्रकारांत समोर कोणीतरी असतोच. आपल्याकडे हल्ली चौथाच प्रकार रुजला आहे, ज्यात समोर कोणी नसतोच.

एकोणिसाव्या शतकातले लेखक आजच्यांपेक्षा सभ्य होते असे समजू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकर 1874 पासून 'निबंधमाले'त लिहीत होते. मराठी गद्याला लांब, तोललेले, डौलदार वाक्य त्यांनी दिले हे मान्य करावेच लागते. त्याच लेखणीने त्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांतल्या व्याकरणाची टर उडवली. हशा मिळाला. युक्तिवादाला उत्तर मात्र दिले गेले नाही, आणि ज्याला हसले त्याचे गद्य आज अधिक वाचले जाते. शैलीच्या जोरावर मुद्दा टाळण्याची मराठी परंपरा अशी चांगल्या घराण्यातून आलेली आहे.

फुल्यांचे गद्य खडबडीत आहे हे खोटे नाही. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधली वाक्ये अर्ध्या अर्ध्या पानाची. त्यांत कर, पट्ट्या, भटभिक्षुक, कुळकर्णी, कलेक्टर सगळे एकामागून एक दाटीने येतात. वाचताना दम लागतो. पण शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे असेच एकावर एक चढते, आणि वाक्य ते चढवत जाते. सुरुवातीचे सुप्रसिद्ध चरण याच्या अगदी उलट वळणाचे आहेत. तिथे विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या दुर्दशेपर्यंत एक कारणसाखळी आहे, प्रत्येक कडी तीन-चार शब्दांची, आणि आधीच्या कडीचे कार्य तेच पुढच्या कडीचे कारण. तोडायची तर कुठली कडी तोडणार? सोप्या शब्दांत तर्क बसवणे हे जड शब्दांत बसवण्यापेक्षा अवघड असते, कारण सोप्या शब्दांआड भेग लपत नाही.

त्याच सुमारास, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापले गेले. सुरतेच्या एका तरुण विधवेवरचा खटला आणि त्यानंतर वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर झोडलेली टीका, हे त्याचे निमित्त. ताराबाईंची पद्धत पाहण्यासारखी आहे. बायकांवरचे आरोप त्या एकेक करून हातात घेतात: साहस, कपट, अविचार, असे. प्रत्येक आरोप आधी मांडायचा, आणि मग विचारायचे की हा दुर्गुण पुरुषांत नाही काय? वाचक सर्वस्वी पुरुष आहे हे धरून त्या थेट 'तुम्ही' म्हणून बोलतात. भाषा घरातली, ओट्यावरची, शिव्याशापही त्यात आहेत. सांगाडा मात्र वकिली बाण्याचा. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. म्हणजे मधली नव्वदएक वर्षे अग्रलेखाच्या वारशाची मोजदाद या पुस्तकाशिवायच चालली होती.

आगरकर हे या सगळ्यांत सर्वांत शिस्तीचे. मराठी वाक्याच्या पृथक्करणावर त्यांनी व्याकरणाचे एक पुस्तकच लिहिले आहे, आणि 1888 मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मध्ये त्याचा प्रत्यय येतो. त्यांचे वाक्य लांब असले तरी त्यातला कर्ता हरवत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते. मध्ये चार उपवाक्ये घातली की वाचक क्रियापदाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. त्या वेळी जर कर्ता कोण, हेच तो विसरला, तर युक्तिवाद संपला. 'जर-तर', 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा' या जोड्या आगरकर खांबांसारख्या वापरतात, आणि त्यामुळे अट कुठली, निष्कर्ष कुठला, हे कधी अंधुक होत नाही.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी आगरकर आणि टिळक हे दोन जुने मित्र आमनेसामने आले. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे एवढीच ती दुरुस्ती. आगरकर विचारत होते की हे योग्य आहे की नाही. टिळकांनी प्रश्नच बदलला: परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालावा की नाही? युक्तिवादाचे तंत्र म्हणून हे अत्यंत हुशारीचे. ज्या जमिनीवर आपण हरणार तिथून लढाई उचलायची आणि दुसऱ्या जमिनीवर न्यायची. न्याय म्हणून माझे मत आगरकरांच्या बाजूने आहे, आणि टिळकांचा हा डाव पुढे मराठी वादांना फार महागात पडला असेही मला वाटते. आज कोणत्याही सुधारणेवर 'हे सांगणारे तुम्ही कोण?' हा प्रश्न पहिल्या परिच्छेदातच येतो, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

मराठी युक्तिवादाचा नमुना म्हणून एकच अग्रलेख शिकवायचा झाला तर मी 31 जानेवारी 1920 चा, 'मूकनायक'च्या पहिल्या अंकातला निवडेन. हिंदू समाज म्हणजे मजल्यांचा मनोरा, आणि त्याला शिडी नाही, हे आंबेडकरांचे रूपक सगळ्यांना आठवते. ते रूपक नुसते सजावटीचे नाही, तो अनुमानाचा एक टप्पा आहे: शिडी नसेल तर खालच्या मजल्यावरचा कितीही लायक असला तरी वर जाणार नाही, आणि वरचा कितीही नालायक झाला तरी खाली येणार नाही. पण मला अधिक मोल वाटते ते पुढच्या भागाचे. वाचक म्हणणार, पत्रे तर आहेतच, आणखी एक कशाला? आंबेडकर हा आक्षेप टाळत नाहीत. बहिष्कृतांच्या प्रश्नाला जागा देणाऱ्या 'दीनमित्र', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' अशा पत्रांचा ते नावानिशी उल्लेख करतात, त्यांचे श्रेय त्यांना देतात, आणि मग ती जागा अपुरी का पडते ते सांगतात. एवढा राग पोटात असताना समोरच्याचे देणे आधी चुकते करणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आचार्य अत्रे यांच्याविषयी थोडक्यात. 1956 मध्ये निघालेल्या 'मराठा'ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे केले ते कोणीच नाकारणार नाही. पण ते रणशिंग होते. रणशिंग आपल्या सैन्यासाठी फुंकायचे असते, आणि अत्र्यांनंतर आलेल्यांनी शांततेच्या काळातही तेच वाजवत ठेवले. 'नवाकाळ'मध्ये नीळकंठ खाडिलकरांनी एकेका वाक्याचा परिच्छेद रूढ केला. गिरणगावातल्या वाचकापर्यंत अग्रलेख पोचला तो त्यामुळे. मात्र एका वाक्याच्या परिच्छेदात 'म्हणून' आणि 'तरीही' यांना फारशी जागा उरत नाही. याच काळात गोविंद तळवलकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये दुसरी वाट धरली होती, थंड, माहितीने भरलेली, विशेषणांना तुच्छ लेखणारी. त्या वाटेने फार थोडे गेले.

नरहर कुरुंदकर हे वर्तमानपत्राचे संपादक नव्हते, नांदेडला शिकवत होते, तरी या कलेचे शेवटचे मोठे नाव मी त्यांचेच घेईन. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, प्रतिपक्षालाही जमणार नाही इतके नीट मांडायचे, आणि मग त्याचा एकेक टेकू काढायचा. 'श्रीमान योगी'ला जोडलेले त्यांचे पत्र वाचावे. कादंबरीच्या लेखकाला लिहिलेले पत्र, पण त्यात शिवचरित्राच्या प्रत्येक लाडक्या समजुतीला आधी आदराने बसायला दिले आहे आणि मग उलटतपासणी घेतली आहे.

आजच्या गद्याकडे पाहताना दोन दोष ठळक दिसतात. पहिला सरकारी भाषेतून आला आहे. 'निर्णय घेण्यात आला', 'दुर्लक्ष करण्यात येत आहे', 'निधी वळवण्यात आला'. कोणी घेतला, कोण करते, कोणी वळवला? सरकारी पत्रकाला कर्ता लपवायचाच असतो. त्याच सरकारवर टीका करणारा अग्रलेखही त्याच रचनेत लिहिला जातो तेव्हा आरोपी लेखातूनच सुटतो. दुसरा दोष 'च' या एका अक्षराचा. 'हे झालेच पाहिजे', 'हाच खरा इतिहास', 'तेच जबाबदार'. जिथे कारण द्यायचे तिथे 'च' लावून भागवायचे.

2025 च्या उन्हाळ्यातल्या हिंदीच्या वादात या साऱ्याची परीक्षा झाली. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य केली. विरोध झाल्यावर 17 जूनला सुधारित निर्णय आला आणि 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' बसले. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर ती मागणारे वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत, अशी अट खाली होती. शब्द मऊ झाला, अट तेवढीच कडक राहिली. या काळात पुष्कळ लेखन झाले ते अस्मितेचे. ते खोटे नव्हते, पण हिंदी शिकल्याने मुलाचे काय बिघडते असे प्रामाणिकपणे विचारणाऱ्या पालकाला त्यात उत्तर नव्हते. त्या पालकाला पटले असेल तर ते थोड्या लेखांमुळे, ज्यांनी सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार पडला की काय होते हे सांगितले आणि ती वीसची अट उलगडून दाखवली. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. श्रेय अर्थात रस्त्यावरच्या दडपणाचे अधिक, पण मराठी युक्तिवाद अजून लिहिता येतो हे त्या थोड्या लेखांनी दाखवले.

उलट बाजूची एक घटनाही नोंदवायला हवी. 2016 मध्ये एका मोठ्या मराठी दैनिकाने आपला अग्रलेख छापल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घेतला. त्या लेखाशी मी सहमत होतो की नाही हा मुद्दा वेगळा. लेखाला लेखाने उत्तर मिळणे, ते न पटल्यास तिसरा लेख येणे, हा या कलेचा श्वास आहे, आणि तो तिथे अडकला. वाचक दुखावला जाईल या भीतीने लिहिणारा संपादक वाचकाला पटवू शकत नाही, फार तर जपू शकतो.

तेव्हा संपादकांकडे एक मागणी आहे. आठवड्यातून एक अग्रलेख असा लिहावा ज्याचा पहिला परिच्छेद वाचून तुमच्या विरोधकाने म्हणावे की हो, माझे म्हणणे हेच आहे. शीर्षक साधे असले तरी चालेल.